मागचं चाक

दूधवाल्या अण्णांच्या बायकोने सायकलच्या दुकानात तीन स्टँड पायाने दाबून पाहिले. दुकानदार म्हणाला, "काकू, साईड स्टँड न्या, हलका आहे."

"नको. मागचं चाक उचलून धरणारा मजबूत द्या. ह्यांचे पाय आखडत चाललेत. डॉक्टरांनी जागेवरच पायडल मारायला सांगितलंय."

मी त्यांचा शेजारी, तिथेच हवा भरत होतो. स्टँड कुठेतरी पोचल्यावर लावायचा असतो, एवढंच मला माहीत होतं. गावभर दूध घातलेली सायकल त्यानंतर अंगणात भिंतीकडे तोंड करून चालायची. येता-जाता तिच्या साखळीची करकर ऐकू यायची. मी झपाझप पाऊल उचलायचो.

आज करकर नव्हती. तिरडीला जागा हवी म्हणून कुणीतरी सायकल स्टँडवरून उतरवली. चाक जमिनीला टेकलं आणि ती सहज चालू लागली.