जिनिंगच्या भिंतीवरचे मंजूर हंस

नांदेडला स्टेशनबाहेर रिक्षात बसून मी आमच्या मोहल्ल्याचं नाव घेतलं की रिक्षावाला मान वळवून बघायचा. "आत न्हाई येणार, मॅडम. नाक्यावर सोडतो." लहानपणापासून हेच ऐकत आले. लग्नानंतर मी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले, शाळेत चित्रकला शिकवू लागले. पण आई मोहल्ल्यातच राहिली. त्यामुळे दर रविवारी नाक्यावर उतरायचं आणि बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या लांबलचक भिंतीकडेनं चालत जायचं. अख्ख्या बाजाराचा कचरा त्या भिंतीशी येऊन पडायचा आणि जाणारे-येणारे पुरुष लघवीला तिथंच आडोसा बघायचे. पोरी ओढणी नाकाला लावून, खाली बघत तिथून निघून जायच्या. कॉलेजला जाताना मीही तशीच जायची.

एका रविवारी मी आणि आई भाजी घेऊन येत होतो. समोर एक माणूस मोटारसायकल लावून भिंतीपाशी उभा राहिला. मी ओरडले, तर वळून म्हणाला, "हितं कोण राहतंय?"

आई त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

ते वाक्य डोक्यातून जाईना. तशीच मी पेंटरचाचांच्या घरी गेले. एके काळी बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले आणि त्यांचे ब्रश फळीवर जाऊन पडले.

"चाचा, जिनिंगची भिंत रंगवायची."

"देवाच्या फरश्या लाव की बेटा. लोक घान करत न्हाईत मग."

"देव नको. आपली माणसं काढू. हितं कोण राहतंय ते दिसू दे त्यांना."

चाचा उठले. फळीवरची ब्रशांची पिशवी त्यांनी खाली काढली.

आधी कचरा काढला. आम्हीच काढला, कारण महापालिकेची गाडी कधीच येत नव्हती. मग मी भिंतीवर मोहल्ल्यातली माणसं काढत गेले आणि बायका रंग भरत गेल्या. नळावरच्या भांडणापासून एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोघी एकाच डब्यात ब्रश बुडवत होत्या. केळीवाली मावशी गाड्यासकट माझ्यासमोर उभी राहिली. "केळी पिवळी काढ गं बाई," म्हणाली. "हिरवी बघून कोन घेतंय?" आईला मी शिलाई मशीनवर काढलं. सगळ्यात वर चाचांनी मोहल्ल्याचं नाव लिहिलं, मराठीत आणि उर्दूत, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत. शहरात कुठल्याच पाटीवर ते नाव नव्हतं.

त्यानंतर त्या भिंतीपाशी कुणी उभं राहिलं नाही. संध्याकाळी बायका तिथं बसायला लागल्या. रिक्षावाले आत यायला लागले. आई एकदा हसत म्हणाली, "माझ्यासमोर पोरी थांबतात, केस नीट करतात." समोर म्हणजे चित्रासमोर. असं हसताना मी तिला कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

मग शहरात कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून सुशोभीकरण निघालं. शाळेत माझा तास चालू असताना मावशीचा फोन आला. "बाई, पुसून राहिलेत."

मी पोचेपर्यंत अर्धी भिंत पिवळट झाली होती. आईच्या मशीनवरून रोलर फिरून गेला होता. ठेकेदाराची माणसं पत्र्याचा साचा धरून हंस उमटवत होती. सगळे हंस एकसारखे, सगळे एकाच दिशेला तोंड करून. खाली कमळं. मावशीच्या चित्रासमोर पेंटरचाचा भिंतीला पाठ लावून उभे होते आणि त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला तो पिवळट रंग लागलेला होता.

महापालिकेचे साहेब सावलीत गाडीपाशी उभे होते. मी सरळ त्यांच्यापुढे गेले.

"हे कुणी सांगितलं?"

"मॅडम, हंसांचं डिझाइन मंजूर आहे. तुमच्या चित्रांना परवानगी होती का?"

"इथं कचऱ्याचा ढीग होता, त्याला कुणाची परवानगी होती?"

"तुम्ही शिक्षिका आहात. जरा शांतपणे बोला."

मी शांतपणे बोलले नाही. तुंबलेली नाली, बंद दिवे, न येणारी गाडी, सगळं बोलले. आवाज फाटला. साहेब मोबाईलकडे बघत राहिले. तेवढ्यात सगळ्या बायका बाहेर आल्या आणि चाचांच्या दोन्ही बाजूंना भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. रोलरवाल्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि ते गाडीत बसले. काम तिथंच थांबलं.

पाहुण्यांच्या गाड्या मोठ्या रस्त्यानंच निघून गेल्या. मोहल्ल्याकडे वळल्याच नाहीत. ज्यांच्यासाठी माझी आई पुसली, त्यांनी हंससुद्धा बघितले नाहीत.

आठवडाभरात हंसांसमोर पुरुष पुन्हा उभे राहायला लागले. मावशीच्या चित्राच्या बाजूला मात्र कुणी गेलं नाही. हे सांगायला मी साहेबांच्या ऑफिसात गेले, तर साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा गेले, पुन्हा मीटिंग. तिसऱ्या खेपेला मी वाट बघितली नाही. परतताना रंगच घेऊन आले. आम्ही हंस पुसले आणि आईला पुन्हा काढलं. ती पहिल्यासारखी जमली नाही. जरा रागीट दिसते. बायका म्हणाल्या, राहू दे.

काम संपत आलं तेव्हा आमच्या वॉर्डाचा मेंबर आला. निवडणूक जवळ आली होती. त्यानं भिंतीवर हात फिरवला आणि चाचांना म्हणाला, "लई भारी झालंय. कोपऱ्यात आपलं नाव टाका की. सौजन्य म्हणून."

चाचा रॉकेलच्या डब्यात ब्रश धूत होते. "रंग संपला, मेंबरसाब," म्हणाले.

त्यांच्या पायाशी लाल रंगाचा डबा भरलेला होता. मेंबरनं तो बघितला, आम्हा सगळ्यांकडे बघितलं, आणि तुंबलेल्या नालीवरून धोतर सावरत निघून गेला.