दाबायचं राहिलेलं बटण

मल्लिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडून बसलो होतो. आदल्या संध्याकाळी त्याचा निरोप आला होता, 'बघितलं का ओ?' आणि त्याला टोचेल असं उत्तर मी जुळवत होतो. फोन दुधनीहून होता, त्याच्या धाकट्या भावाचा, बसवराजचा. "सर, अण्णा गेला की ओ… सकाळी अंघोळीला म्हणून उठला, तितंच बसला…" मी काय बोललो ते आठवत नाही. पण फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं ते लख्ख आठवतं, आणि ते लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं, आता किल्ल्या कुणाकडे जाणार?

या किल्ल्या लोखंडी नव्हेत, संगणकातल्या अधिकाराच्या. आम्ही दोघं सोलापुरात सात रस्त्याजवळ एका दुकानाच्या माडीवर व्यापाऱ्यांच्या संगणकांची कामं करायचो, ते पोटासाठी. सकाळचे दोन तास मात्र हौसेचे. जगभरातली काही वेडी माणसं मिळून एक पॅकेज मॅनेजर सांभाळतात, त्यांतले आम्ही दोन. समजा, तुम्हाला संगणकावर एक प्रोग्रॅम बसवायचाय. त्याला आणखी वीस लागतात, त्या विसांना आणखी कुठले कुठले. हे सगळं वऱ्हाड हुडकून, ज्याच्या त्याच्या जागी आणून बसवणारा कारभारी म्हणजे पॅकेज मॅनेजर. त्यात कुणी बदल केला की शेकडो चाचण्या आपोआप धावतात. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. लाल का झाली ते शोधून दुरुस्त करायचं, हे आमचं काम. नियम एकच, पण कडक. स्वतःच्या बदलाच्या चाचण्या स्वतः सुरू करायच्या नाहीत. दुसऱ्याने बदल वाचायचा आणि मगच बटण दाबायचं.

मल्लिनाथला यात आणला मी. मी पुण्यात चार वर्षं नोकरी करून परतलेला, इंग्रजी सफाईदार. तो दुधनीच्या अडत दुकानातला, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि इंग्रजी म्हणाल तर क्रियापद आलं तर आलं. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. मला कायम 'पुणेकर' म्हणायचा, आणि त्यातला आदर किती व चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्या टेबलावर वडिलांच्या दुकानातली एक लोखंडी पन्हाळी असायची. टोकदार, वीतभर लांब, पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची. चाचणी लाल झाली की हा आधी ती पन्हाळी हातात घ्यायचा, उभा राहायचा, आणि तीच चाचणी तीनदा नापास करून बघायचा. "नमुन्याला शिव्या घालून काय उपयोग ओ? पोतं उघडायचं." मी तोवर नमुनाच फेकायच्या तयारीत असायचो.

एका उन्हाळ्यात सात चाचण्या माझ्या संगणकावर लाल व्हायला लागल्या. इतर देशांतल्या लोकांकडे सगळं हिरवंगार. मी दोन दिवस डोकं फोडलं. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून संगणकाचं घड्याळ दुबईच्या वेळेवर नेलं, आणि काय सांगू… सातही हिरव्या! मी 'दुरुस्त झालं' असं सगळ्या जगाला कळवून टाकलं आणि खिडक्या लावून दुसऱ्या कामाला बसलो. संगणकात दोन वाजले होते. साडेतीनच्या गाडीने पुण्याहून सासूबाई यायच्या होत्या, म्हणजे भरपूर वेळ होता. फोन गप्प करून ठेवलेला. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, हे मला स्टेशनवर पोचल्यावर, सासूबाईंचा चेहरा बघून आठवलं. मे महिन्यात, सोलापूरच्या फलाटावर, दीड तास, बॅगेवर बसून… त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, आलात?" त्यानंतर आठवडाभर काही म्हणाल्याच नाहीत.

मल्लिनाथ हसून हसून खाली बसला. "नमुना वाईट आला म्हणून तुमी गावच बदललं की ओ पुणेकर!" मग पन्हाळी घेऊन उभा राहिला. ग्रिनिचच्या वेळेशी दुबईचा फरक पूर्ण चार तासांचा, आपला साडेपाच तासांचा. प्रोग्रॅम कुठंतरी वरचा अर्धा तास गाळत होता, त्यामुळे आत्ता आलेली पॅकेजांची यादी त्याला अर्ध्या तासानंतरची वाटायची आणि तो ती नाकारायचा. दुपारपर्यंत त्याने ती ओळ हुडकली, दुरुस्त केली, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून एक नवी चाचणी लिहिली. तिचं नाव ठेवलं 'सासूबाई स्टेशनवर', इंग्रजी अक्षरांत. परदेशातल्या कुणीतरी विचारलं, हे काय आहे? यानं आपल्या त्या इंग्रजीत कळवलं की भारतीय पद्धतीत वेळेची सर्वोच्च यंत्रणा. लोकांनी मान डोलावली. माझी फजिती आजही रोज जगभर धावते.

त्या दुरुस्तीवरून त्याचं नाव झालं. अवघड लाल दिसली की सगळे त्याला विचारू लागले, आणि गेल्या वर्षी शेवटचा शब्द ज्याचा असतो त्या मुख्य किल्ल्या त्याला मिळाल्या. मी अभिनंदन केलं. पेढेही खाल्ले. आणि घरी बायकोला म्हणालो, "मी आणला नसता तर आज तुरीची पोती मोजत असता." ती म्हणाली, "मग आणायचं नव्हतं." असा आधार आमच्या घरात मिळतो.

शेवटची भेट माडीवरचीच. जिना चढून आला आणि दाराला धरून उभा राहिला. "दम लागतोय लई. दुधनीला जाऊन येतो चार दिवस. माझा एक बदल पडलाय बघा, तेवढं बटण दाबा की ओ." मला वाटलं, किल्ल्या मिळाल्यापासून हुकूम सोडायला शिकला. स्क्रीनवरून डोळे न काढता मी म्हणालो, "बघतो." तो अजून काही बोलेल म्हणून थांबला असावा… मग जिन्यावर पावलं वाजली, सावकाश. मी अकरा दिवस बघितलं नाही. अकराव्या दिवशी तो फोन आला.

तेराव्याला जाऊन आलो. जगभरातून त्याच्यासाठी निरोप येत होते. मी ते मोजले आणि माझ्या वेळी किती येतील याचाही अंदाज केला. आकडा सांगत नाही. मग एका सकाळी त्याचा तो बदल उघडला. घड्याळाचं सगळं काम त्याने नव्याने, सुटसुटीत लिहिलं होतं. वाचताना नेहमीसारखंच जळलो. बटण दाबलं. हिरवी, हिरवी, हिरवी… आणि एक लाल. 'सासूबाई स्टेशनवर.' मल्लिनाथ त्याच अर्ध्या तासावर चुकला होता! दम लागत असताना लिहिलेली ओळ होती ती. पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याची चूक मला सापडली होती, तीही माझ्याच फजितीच्या जाळ्यात. मी खुर्ची गर्रकन फिरवून ओरडलो, "सापडलास की रे, मल्लिनाथ!"

समोर त्याचं टेबल होतं. त्यावर पन्हाळी.

ती हातात घेऊन मी उभा राहिलो. चाचणी तीनदा नापास करून बघितली. मग ती एक ओळ दुरुस्त केली, आमच्यातल्या दुसऱ्या एकाकडून बटण दाबून घेतलं, आणि सगळं हिरवं झालं. बदल मल्लिनाथच्या नावानेच गेला. खाली बारीक अक्षरांत माझंही नाव घातलं. तेवढं सोडण्याइतका मोठा मी अजून झालेलो नाही.

आता बसवराजचे फोन येतात. तुरीचा हंगाम आलाय, दुकानातली दुसरी पन्हाळी वाकलीय. "सर, अण्णाच्या टेबलावर आसंल बघा, सापडली का ओ?" मी म्हणतो, "शोधतोय रे." आणि ती आणखी थोडी माझ्या बाजूला सरकवून ठेवतो.