उटण्याचं धुवण

पुण्याला माझ्या लेकीच्या न्हाणीघरात काचेची एक बरणी आहे. बरणीत उटणं, वर कागदाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर छापलेलं: रसायनमुक्त, पाणी वाचवणारं, निसर्गाच्या कुशीतून आलेलं. मी गेले की लेक ती बरणी माझ्यापुढं सरकवते. "आई, लाव की. आपल्या गावाकडचंच तर आहे." मी लावत नाही. मी दुकानातली साधी साबणाची वडी मागते, आणि आता हिला काय सांगायचं असा चेहरा करून ती वडी आणून देते. करू दे चेहरा. निसर्गाच्या त्या कुशीत मी वर्षभर काम केलंय, आणि तो शब्द कानावर पडला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

उटण्याशी माझं वाकडं नाही. लग्न होऊन वडवणीच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या गावात मी आले, तेव्हा आमच्या घरात साबण नव्हताच. त्याला कारण म्हैस.

दुष्काळात आमच्याकडं अंघोळ न्हाणीत होत नाही, बाजेवर होते. सुतळीची बाज अंगणात आडोशाला टाकायची, खाली घमेलं ठेवायचं. माणसानं बाजेवर बसून तांब्याभर पाणी जपून जपून अंगावर घ्यायचं. ते सुतळीतून गळून घमेल्यात पडतं, आणि मग घमेलं म्हशीपुढं जातं. साबणाच्या पाण्याला म्हैस तोंड लावत नाही, म्हणून अंगाला हरभऱ्याचं पीठ किंवा मसुरीचा भरडा चोळायचा. एखाद्या पाहुण्यानं पिशवीतून वडी काढली की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिथल्या तिथं सांगायच्या, "दादा, ती ठिवा पिशवीत. तुमच्या अंघुळीचं पानी आमची म्हैस पिती." पाहुणा ओशाळायचा. आता शहरात याच्यावर व्याख्यानं होतात म्हणे. आमच्याकडं कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्याकडं फक्त पाणी नव्हतं.

लग्नानंतर एका साली तर पावसाचा टिपूस नव्हता. विहिरीत उतरलं तर पायाला ओल लागत नव्हती. टँकर यायचा तेव्हा यायचा, आणि त्याच्याभोवती सख्ख्या जावा एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. घरधनी कोयता घेऊन टोळीबरोबर ऊस तोडायला कोल्हापूरकडं गेला होता. घरात आत्याबाई, मी, आणि दावणीला एकच म्हैस, काळीभोर आणि गाभण. पाऊसकाळात ती व्याली तर घरात दूध येणार, दूध आलं तर चूल पेटणार. ती मेली तर आमच्याकडं दुसरं काहीच नव्हतं. तिला पावसाळ्यापर्यंत जगवायचं एवढंच एक काम त्या साली मला होतं, बाकी सगळं त्याच्याखाली.

म्हणून मी उटण्याच्या शेडवर गेले. गावच्या मोठ्या घरातल्या बाईनं महिलांची सहकारी संस्था काढली होती. सहकार म्हणजे आमच्याकडं एकाच घरातल्या माणसांनी आळीपाळीनं अध्यक्ष व्हायचं. नवऱ्याकडं सोसायटी, दिराकडं दूध संघ, मग हिच्याकडं उटणं. तोंडावर आम्ही तिला बाईसाहेब म्हणायचो. इथं मी म्हणणार नाही. शेड तिच्याच शेतात, आणि गावात चिटपाखराला पाणी मिळत नव्हतं तेव्हा तिथं उद्योगाच्या नावाखाली टँकर रिकामा व्हायचा.

आम्ही बाया मोसंबीच्या साली धुवायचो, मसूर धुवायचो, कडुलिंबाचा पाला, नागरमोथ्याच्या गाठी. वाळवायचो, दळायचो, चाळायचो. मजुरी मिळायची, पण मजुरीसाठी कुणी येत नव्हतं. आम्ही यायचो धुवणासाठी. साल आणि डाळ धुतल्यावर जे गढूळ पाणी मागं राहायचं, ते संध्याकाळी जिनं तिनं आपल्या कळशीतून घरी न्यायचं, असा तिथला रिवाज पडला होता. मसुरीच्या धुवणावर तर जनावर तुटून पडतं. कळशी डोक्यावर घेऊन मी वळणावर आले की म्हैस दाव्याला हिसके द्यायला लागायची. तिचा तो हिसका बघून मला जेवल्यासारखं वाटायचं.

मग शहरातून तक्रार आली की उटण्याला फेस येत नाही. उटण्याला फेस! गाढवाला शिंग का नाही म्हणून कुणी तक्रार करतं का? पण गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि या देवाला सगळं नैसर्गिक हवं होतं, शिवाय फेसही हवा होता. लवकरच शेडवर पांढऱ्या भुकटीची पोती आली. हात घातला की बोटांची सालं निघायची, आणि वास थेट कपडे धुवायच्या पावडरीचा. ती उटण्यात कालवायची. चिठ्ठी मात्र तीच राहिली.

पुढं आणखी कडी झाली. तिनं फर्मान काढलं, कालवायच्या पराती आणि पिंपं वेगळ्या पाण्यानं धुवायची नाहीत, साली-डाळीच्या त्याच धुवणात विसळायची. पाण्याची बचत! दुष्काळ आहे, एकेक थेंब वाचवला पाहिजे. संध्याकाळी धुवणावर फेसाचा थर तरंगायला लागला.

मी बोलले. मी बोलतेच, ती माझी खोड आहे. म्हटलं, "बाईसाहेब, पराती येगळ्या धुऊ द्या. ह्ये पानी जनावर पेनार न्हाई."

"ती पावडर नारळापासून करतात. नैसर्गिक हाय."

"मंग म्हस कावून तोंड लावंना?"

"म्हशीचे लई लाड चाललेत तुझे," ती म्हणाली. "जमत नसंल तर येऊ नको. बाया लई हाईत."

म्हैस खरंच तोंड लावत नव्हती. घमेल्याजवळ नाक नेऊन फुर्र करायची आणि मान फिरवायची. मी गूळ टाकून बघितला, कण्या टाकून बघितल्या. व्यर्थ. तिच्या बरगड्या मोजता येतील इतक्या वर आल्या, आणि पोटात रेडकू. आत्याबाईंनी न बोलता स्वतःच्या वाटणीचं पिण्याचं पाणी तिच्यापुढं ठेवायला सुरुवात केली. मी अडवलं तर म्हणायच्या, "म्हाताऱ्या मानसाला तहान लागत न्हाई, बाई." त्यांचे ओठ चिरले होते. मी दात ओठ खात शेडवर जायचे आणि लोकांच्या गोऱ्या कातडीसाठी मसूर चाळायचे. त्या दिवसांत मला त्या बाईचा जेवढा द्वेष वाटला तेवढा जन्मात कुणाचा वाटला नाही, आणि तो अजून कमी झालेला नाही.

अशात पुण्याची मंडळी येणार असं ठरलं. मोठं दुकान होतं त्यांचं, वर्षभराचा माल उचलणार होते, आणि आमच्या कामाची एक फिल्म काढणार होते. त्या बाईच्या डोक्यातून एक शक्कल निघाली. तिला बाजेवरची अंघोळ माहीत होती, कारण तिच्याही सासरी कधीकाळी तीच होत असे. म्हणाली, आपलं उटणं इतकं शुद्ध की अंघोळीचं पाणी म्हैस पिते, हेच दाखवू. आणि थेट माझ्या दारात आली. म्हशीच्या अंगावरून अंगठ्यांचा हात फिरवला.

"काळी हाय, फोटोत उठून दिसंल. उद्या घेऊन ये. आनि सकाळपासून तिला पानी दावू नको."

मी हो म्हणाले. आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी आतल्या आत खूश झाले होते. तिला तहानलेली ठेवा नाहीतर आणखी काही करा, ते पाणी ती पिणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. चारचौघांत, कॅमेऱ्यापुढं ती मान फिरवेल, पाहुणे विचारतील का, आणि मग मी आहे आणि ती बाई आहे. काय काय बोलायचं ते मी भाकऱ्या थापताना पाठ करून ठेवलं. पोत्यांचं, सालटलेल्या बोटांचं, चिठ्ठीवरच्या खोट्याचं, सगळं.

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तेव्हा शेडपुढं मांडव घातलेला. पाहुण्यांत एक खादीची साडी नेसलेली बाई होती, आणि कॅमेरेवाला. अध्यक्षीणबाईचं भाषण झालं. आमच्याशी 'हाय-न्हाई' बोलणारी बया पाहुण्यांपुढं पुस्तकासारखी बोलत होती. आम्ही निसर्गाकडून घेतो आणि निसर्गाला परत देतो, थेंबही वाया जाऊ देत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मग पितळी घंगाळावर हात धरून तिनं उटणं चोळलं, धुतलं, आणि मला खूण केली.

पाण्याच्या वासानं म्हैस मला ओढतच निघाली. घंगाळात नाक घातलं, थांबली, फुर्र केलं, आणि नाकाला लागलेला फेस झटकत मान वर केली.

"लाजली वाटतं," अध्यक्षीणबाई हसली. कुणीतरी म्हशीची मान खाली दाबली. तिनं जोरात हिसडा दिला. तहानेनं तिचे डोळे खोल गेले होते, जीभ बाहेर आली होती, तरी ती प्यायली नाही.

खादीची साडी माझ्याकडं वळली. "ताई, का पीत नाहीये ती?"

माझ्या सगळ्या सोबतिणी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी पदर खोचला. तेवढ्यात अध्यक्षीणबाई माझ्याकडं न बघता गड्याला म्हणाली, "अरे, घंगाळ तापलं असंल. विसळून घे, टँकरचं ताजं भर."

गड्यानं काठोकाठ भरलं. स्वच्छ पाणी, तळ दिसेल असं. वर चिमूटभर हळद टाकली, उटण्याचं दिसावं म्हणून. म्हशीनं नाकपुड्या बुडेपर्यंत तोंड घातलं. तिच्या गळ्यातून घुटके उतरताना दिसत होते, एकामागून एक, आणि पोट हलत होतं.

"तुम्ही काहीतरी सांगणार होतात," पाहुणी म्हणाली.

तोंड उघडलं असतं तर ते घंगाळ तिथल्या तिथं उचललं गेलं असतं. मी म्हटलं, "काय न्हाई. नव्या मानसाला बुजती ती."

घंगाळ रिकामं झालं. "मस्त! झालं," कॅमेरेवाला म्हणाला. म्हैस रिकामं पितळ चाटत होती.

आणि मला बुद्धी सुचली. "दादा," मी म्हटलं, "मधी माजी सावली पडली जनू. चांगलं न्हाई दिसनार. परत घ्या की."

त्यानं बघितलं, म्हणाला, घेऊ या. पुन्हा घंगाळ भरलं. ते संपल्यावर मी म्हटलं, म्हशीचं शेपूट आलं न्हाई. मग म्हटलं, ह्या अंगानं घ्या, ह्या अंगाची शिंगं बरी हाईत. अध्यक्षीणबाईला माझा डाव पहिल्याच वेळी कळला होता. तिचं हसू तोंडावर सुकून गेलं होतं, पण पाहुण्यांपुढं ती पाण्याला नाही कशी म्हणणार? टँकरचा नळ सुटतच राहिला. तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "अवं, शेळीचं बी दावा की! माजी शेळी लई ग्वाड दिसती." दुसरी म्हणाली, "माजं वासरू आनू का?" खादीच्या साडीनं आनंदानं हात जोडले. "आणा, आणा, किती सुंदर!" घटकाभरात अर्ध्या गावाची जनावरं मांडवाखाली होती, आणि बाया एकमेकींकडं न बघता आपापलं जनावर पुढं सारत होत्या. तोवर टँकरात खडखडाट झाला.

पाहुण्यांची जीप वळणाआड गेली तसं अध्यक्षीणबाई माझ्याजवळ आली. "उद्यापासून इकडं पाय ठिवायचा न्हाई," म्हणाली. मी म्हटलं, "बरं." तिला वाटलं मी पाया पडेन. मालाची उचल झाली, फिल्म लोकांनी डोक्यावर घेतली, माझी म्हैस पुण्यामुंबईत दिसली. खरं बोलायची वेळ आली तेव्हा मी गप्प बसले, असं लेक म्हणेल. बसले. मला त्याची लाज वाटत नाही. खऱ्यानं म्हशीचं पोट भरलं नसतं.

दिवस कलताना आम्ही घरी आलो. म्हैस डुलत चालत होती. आत्याबाई दारात उभ्या होत्या.

"सांगितलंस का त्यास्नी समदं?"

"न्हाई."

"पेली का पर?"

"पोटभर. आता नगं म्हनंस्तवर."

त्यांनी म्हशीच्या पोटाला हात लावून बघितला. मग आत गेल्या, त्यांच्या वाटणीची कळशी उचलली, तांब्यात ओतायलाही थांबल्या नाहीत, आणि उभ्यानंच कळशीला तोंड लावून घटाघटा प्यायल्या.