कपाटाआडून आलेला होकार

समस्त नागरिकांस अत्यंत गंभीर अंतःकरणाने कळविण्यात येते की, गोव्यातल्या पेडण्याच्या एका सरकारी कचेरीत, भर कामाच्या वेळी, देवाला गाऱ्हाणं घालण्यात आलं होतं. कारस्थान माझं होतं. पश्चात्ताप? छे!

त्या वर्षांत मी घरी मार खाणाऱ्या बायांची सोबतीण होते. त्यांना घेऊन अधिकाऱ्याकडे जायचं, फुकट मिळणाऱ्या सरकारी वकिलाकडे जायचं, बँकेत जायचं. माझी लायकी एकच, आवाज. गावच्या जत्रेतल्या नाटकात मी वर्षानुवर्षं राणी होऊन तिसऱ्या अंकात मेले आहे, आणि पार मागे भज्यांच्या गाड्यावर उभी असलेली माणसंही रडली आहेत.

ती बाई सिंधुदुर्गातली, हरमलात दिलेली. लग्नानंतर नवरा-बायकोनं घर बांधलं, मागे पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. खोल्या चालवायची ती. चादरी, पडदे, चहा, चाव्या, सगळं तिच्याकडे. नवऱ्याकडे दारू आणि कमरेचा पट्टा. एका संध्याकाळी ती नेसत्या लुगड्यानिशी निघाली आणि पार्श्याला बहिणीकडे येऊन राहिली. मागोमाग नवऱ्याचा निरोप आला, ‘उंबरा ओलांडलास, घर गेलं. गिऱ्हाईक बघितलंय.’

तिनं ते खरं धरलं होतं. आमच्या वकीलबाईंनी समजावलं, “लग्नाच्या सह्या गोव्यातच झाल्या ना? घर लग्नानंतरचं ना? मग गोव्याच्या कायद्यानं अर्धं तुझं. तुझ्या सहीशिवाय तो कौलसुद्धा विकू शकत नाही.”

“माझी सही?” तिनं विचारलं. “त्याका माझी सही लागतली?”

हे तिनं इतक्या वेळा विचारलं की वकीलबाईंनी शेवटी नुसती मान हलवायला सुरुवात केली.

पण त्या घरात मार न खाता राहायचं तर कोर्टाचा आदेश हवा, आणि आदेशासाठी आधी संरक्षण अधिकाऱ्याला सगळं सांगायला हवं. तिथंच गाडं अडलं. आमच्याकडे कुणी विचारपूस केली की ‘बरां आसा’ हे उत्तर श्वासाच्या आधी बाहेर पडतं. मर्तिकाच्या घरीसुद्धा!

अधिकारी मॅडम तरुण, दक्षिण गोव्यातल्या, फार सोशिक.

“घरी काय त्रास होतो?”

“बरां आसा, मॅडम.” दंडावर हिरवानिळा वळ.

“नवरा मारतो ना?”

“तसो बरो आसा तो.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी कपाळावर हात मारला. पुढच्या खेपेलाही तेच झालं. हे कागदावर लिहून कोर्टात नेलं असतं, तर न्यायाधीशांनी त्या नवऱ्याचा सत्कारच केला असता.

त्यानंतरच्या खेपेला बाहेर बाकावर बसलो होतो. मी वैतागून म्हटलं, “गो बाय, तू कुणाकडे तरी खरं बोलतंस काय?”

“देवाकडे,” ती म्हणाली. “दर सोमवारी. दुपारी देऊळ बंद असताना दाराबाहेर उभी राहून गाऱ्हाणं घालतंय.”

आमच्या देवळांत गाऱ्हाणं घालतात ते मानकरी पुरुष. देवासमोर उभं राहून अडचण मोठ्यानं सांगायची, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. बायांनी मागं उभं राहून ऐकायचं.

“आणि तुझ्या गाऱ्हाण्याक व्हय म्हाराजा कोण म्हणता?”

“कोण म्हणतलो, वयनी? माझां मीच.”

मी उठलेच. तिला दंडाला, म्हणजे बऱ्या दंडाला, धरून आत नेलं, मॅडमच्या टेबलापुढे उभं केलं आणि तिसऱ्या अंकातल्या आवाजात हाक घातली, “बा देवा म्हाराजा!”

मॅडमच्या हातून पेन पडलं. बाई पदर तोंडात धरून हसायला लागली. मी कोपरानं ढोसलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवाकडे बघत तिनं हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, लगीन करून हरमलात इलंय, लोकांच्यो चादरी धुवून ह्या घर उभां केलंय, आणि ह्यो माणूस दारू पिऊन माका पट्ट्यान मारता, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” कपाटाआडून आवाज आला.

कपाटापलीकडे हेडक्लार्क बसायचे. लहानपणापासून गावच्या देवळात होकार देत आलेला माणूस. फायलीतून मान वर न काढता, सवयीनं, तोंडातून निघून गेलं असणार.

बाई थांबली. कपाटाकडे बघत राहिली. आजवर तिला कुणी होकार दिलाच नव्हता.

मग ती जी सुटली! चाव्या काढून घेतल्या, म्हाराजा. सरकारची मदत माझ्या नावावर येते आणि बँकेचं कार्ड त्याच्या खिशात, म्हाराजा. दर वाक्याला कपाट ‘व्हय’ म्हणे. चहा घेऊन आलेला शिपाईही ट्रे धरून तिथंच होकार द्यायला लागला. मॅडम खाली वाकून भराभर लिहीत होत्या. मध्येच “कधी?” विचारत, तर उत्तरही देवालाच मिळे. आता कुणी हसत नव्हतं.

“माझ्या घरात माका मार खाल्ल्याशिवाय रवाक दे, म्हाराजा.”

या वेळी सगळ्यांत आधी ‘व्हय’ आलं ते मॅडमचं, अगदी हळू.

त्यांनी तिला सगळं वाचून दाखवलं. बाईनं सही केली.

आदेश आला. नवऱ्यानं हात लावायचा नाही, घरात पाऊल टाकायचं नाही, घर विकायचं नाही, चाव्या द्यायच्या. मदतीचे पैसे नव्या खात्यात वळवले, कार्ड तिच्या पिशवीत गेलं. नवऱ्यानं कोर्टात चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, तेव्हा मी व्हरांड्यात रुमाल काढून तयारच होते. पाय धरणं, गळ्यात पडणं, हुंदके, काहीतरी होणार म्हणून चेहराही बसवून ठेवला होता.

ती जुडगा घेऊन बाहेर आली, वर आभाळाकडे बघितलं, आणि कधीकाळी नुसतं ‘बरां आसा’ म्हणणारी ती बाई कोर्टाचा शिपाई दचकेल एवढ्या मोठ्यानं ओरडली, “वयनी, बेगीन चला! ऊन आसा तोपर्यंत सगळ्यो चादरी धुवून वाळत घालूक व्हयो!”