पडद्यामागचा डावरा

त्या सिनेमाचे सगळे भाग मी पाहिले आहेत आणि त्यातला पहिला मागच्या बाजूने पाहिला आहे. असं छातीठोक सांगणारी बाई अख्ख्या भोरमध्ये दुसरी सापडायची नाही. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये नव्या भागाचा विषय निघाला की तरुण शिक्षक मोबाईलवर वाचलेली माहिती एकमेकांना ऐकवत बसतात. एकदा त्यातल्या एकाने मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला असलं कसं काय आवडतं?" मी गणित शिकवते आणि वयाची पन्नाशी ओलांडली आहे, म्हणजे मला फक्त मालिका आवडाव्यात असं त्याचं मत. मी म्हटलं, "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून आवडतं." त्यानंतर तो माझ्याशी जरा जपून बोलतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सिनेमा अंतराळातला, मूळ इंग्रजी, आपल्याकडे हिंदीत बोलणारा. त्यातला हीरो कुणी राजपुत्र नाही. दूरच्या एका तळावर यानं दुरुस्त करणारा तो साधा मेकॅनिक. हातात पाना, तोंडाला काळं. तारा फुटायला आला, ग्रह बुडायला लागला, की मोठमोठे सेनापती हात टेकतात आणि मग हा येऊन काम फत्ते करतो. काही वर्षं गेली की नवा भाग येतो आणि मेकॅनिकचे केस आणखी थोडे पांढरे झालेले दिसतात.

माझं माहेर वेल्ह्याच्या रस्त्यावर, मार्गासनीला. मी जन्माची डावरी. घरात कारभार थोरल्या चुलतीचा आणि तिला डावा हात अजिबात खपत नसे. मी डाव्या हाताने घास उचलला की हातावर पळीचा फटका ठरलेला. फटक्यांनी भागेना तेव्हा तिने माझ्या डाव्या मनगटाला चिंधी बांधली आणि चिंधीचं दुसरं टोक परकराच्या नाडीला अडकवलं. शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत मी तशीच फिरत असे. शाळेतल्या गुरुजींनाही चुलतीने सांगून ठेवलं होतं. उजव्या हाताने माझे आकडे इतके वेडेवाकडे यायचे की बरोबर आलेलं उत्तरही चूक ठरायचं. पहिल्या नंबरची पोर बघता बघता ढ झाली. मी बोलायचीच बंद झाले. आई धाकटी सून, ती चुलतीपुढे शब्द काढत नसे, आणि वडील बायकांच्या गोष्टीत पडत नसत. या पोरीचं आता काही खरं नाही, हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

त्या वर्षी यात्रेत गावच्या पोरांनी तमाशाऐवजी सिनेमा आणला. शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरा पडदा ताणला. पुढच्या बाजूला पुरुष बसायचे आणि बायका पडद्याच्या मागे. आमच्याकडे रीतच तशी होती. मागून चित्र नीट उजळ दिसावं म्हणून पडद्यावर बादलीने पाणी मारायचे. मागून सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं, हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. डोंगर उलटा दिसला तरी डोंगरच असतो. आणि अक्षरं म्हणाल तर ती होती इंग्रजी. ती सुलटी कशी असतात हे तरी आमच्यातल्या कुणाला माहीत होतं?

यानाच्या धडधडीने मी पहिल्यांदा घाबरले आणि मग डोळे मिटायचे विसरले. मध्यंतराच्या थोडं पुढे मेकॅनिक एका पत्र्याच्या पेटीवर जेवायला बसला. चमचा डाव्या हातात.

चुलती म्हणाली, "मेलं, डाव्या हातानं जेवतंय."

मग माझ्या मागून आईचा आवाज आला. चारचौघींत तिचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "बघा की आक्का. डावरा हाय त्यो."

झालं. सगळ्या बायका त्याच्या हाताकडे बघायला लागल्या. पाना डाव्या हातात, दिवा डाव्या हातात, रुसलेल्या म्हाताऱ्या सेनापतीच्या खांद्यावर ठेवला तोही डावाच. शेवटी तारा फुटायच्या बेताला आला तेव्हा त्याने एक भला मोठा दांडा डाव्या हाताने खाली ओढला आणि सगळी माणसं वाचली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता येईनात, कारण एक हात बांधलेला होता. मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला ओसरीवर बसवलं आणि चुलतीच्या देखत चिंधीची गाठ सोडली.

"आक्का," ती म्हणाली, "त्याच्या आयनं त्येचा हात बांधून ठिवला असता, तर त्या समद्या मानसांचं काय झालं असतं?"

चुलतीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि आळीतल्या सगळ्या बायकांनीही. चहा पिता पिता वडील मात्र म्हणाले, "त्येनं तर उजव्या हातानं वढला दांडा."

"तुमी डुलक्या घेत हुता," आई म्हणाली. डुलक्या त्यांनी खरंच घेतल्या होत्या, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. गावात मात्र पुरुष उजवा म्हणायचे आणि बायका डावरा, आणि यावरून पारावर आणि पाणवठ्यावर पुढे कितीतरी दिवस भांडणं झाली.

माझा हात सुटला तो सुटला. आईने वेल्ह्याच्या बाजारात लोहाराकडून उलट्या अंगाने धार काढलेला विळा करून आणला. भाताच्या लावणीत माझं कोपर शेजारणीला लागायचं म्हणून पूर्वी मला बांधावर बसवत. आता आईने मला ओळीच्या डाव्या टोकाला उभं केलं आणि मी कुणाच्या मागे राहिले नाही. शाळेत आकडे पुन्हा सरळ यायला लागले. माझ्या डोक्यात काही बिघाड नव्हता, हे मला स्वतःलाच तेव्हा कळलं.

दुसरा भाग आला तेव्हा आम्ही भोरच्या टॉकीजात गेलो. आई, मी, चुलती आणि आळीतल्या चार बायका. टॉकीजात सगळ्यांना पुढूनच बसावं लागतं. पडद्यावर मेकॅनिक आला आणि पाना उजव्या हातात.

चुलतीला जोर चढला. "ह्यो तर उजव्या हातानं करतुया की गं."

परत चिंधी बांधणार, एवढंच माझ्या मनात आलं.

आई शांतपणे म्हणाली, "यालाबी बडवून उजव्यावर आनला, आक्का. त्वांड बघा कसं उतरलंय त्येचं."

नशीब असं की त्या भागात मेकॅनिकला नुसतं अपयशच येतं. यान पडतं, जोडीदार मरतो, शेवटी तो एकटाच एका उजाड ग्रहावर बसून राहतो. एसटीत, गाव जवळ आल्यावर, चुलती हळूच म्हणाली, "कशाला बडवायचं लेकराला. काम करत हुतं चांगलं." त्यानंतर तिने माझ्या हाताचं नावसुद्धा काढलं नाही. पुढचे भाग ती हयात असेपर्यंत आमच्याबरोबर येऊन बघायची, आणि मेकॅनिक पडद्यावर आला की पुटपुटायची, "बिचारं."

खरी गोष्ट मला नववीत कळली. शाळेत आरोग्याची फिल्म दाखवली तेव्हा मी सवयीने पडद्यामागे जाऊन बसले, आणि 'पाणी उकळून प्या' ही अक्षरं सगळी उलटी दिसली. मी जागच्या जागी हसत सुटले. पण घरी बोलले नाही. आई त्या डावऱ्यावर इतकी विश्वासून होती की तिचा भ्रम मोडायचा मला धीर झाला नाही.

आणि आई तर प्रत्येक भागाला हजर. गुडघे दुखोत, लग्नसराई असो, सिनेमा पुण्याला लागला की आम्ही एसटीने स्वारगेटला. मी नोकरीला लागून भोरला राहायला आले, लग्न झालं, लेकी मोठ्या झाल्या, तरी या कामाला मी आईलाच घेऊन जाते. लेकींनी कितीही गळ घातली तरी पहिल्या दिवशी आमच्या दोघींच्या मध्ये कुणी नाही. हा आमचा माज आहे आणि तो मी मिरवते.

यंदा पहिलाच भाग नव्याने साफसूफ करून पुन्हा लावला. लेकीने सांगितलं आणि माझी धांदल उडाली. दुसऱ्या भागापासून मेकॅनिकला बडवून उजवा केला, हे आईचं ठरलेलं. पण पहिल्यातच तो तिला उजवा दिसला तर? मी म्हटलं, "आई, जुनाच आहे तो. राहू दे यावेळी."

"जुनाच तर बघायचाय," ती म्हणाली आणि पातळ बदलायला गेली.

पुण्याच्या त्या थंडगार थिएटरात मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते. मध्यंतर झालं. मेकॅनिक पत्र्याच्या पेटीवर बसला आणि त्याने चमचा उचलला, उजव्या हाताने. आईचा चेहरा हलला नाही. तिने पुढ्यातल्या लाह्या खाल्ल्या. दांडाही त्याने उजव्याच हाताने ओढला, माणसं वाचली, दिवे लागले.

मला राहवलं नाही. "आई, तो पहिल्यापासून उजवाच होता."

"व्हय की."

"तुला आत्ता कळलं?"

"तवाच. तुज्या वडलांना भजी द्यायला म्या फुडल्या बाजूला गेले हुते. तितं उजव्या हातात पाना. मागं येऊन बसते तर डाव्या हातात, आन् जेवतुयाबी डाव्या हातानं. समद्या बाया बघत्यात, आक्काबी बघतीय. म्हनलं, ही बरी येळ हाय."

मी खुर्चीतून उठायचं विसरले. धाकट्या सुनेचा तो मोठा आवाज, डुलक्यांचं कारण, बडवलेला मेकॅनिक, सगळं तिनेच रचलेलं. ज्या गणितासाठी माझं कौतुक होतं ते हिने पडद्याच्या दोन बाजूंमध्ये उभं राहून सोडवलं होतं, आणि इतकी वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"मग पुढचे सगळे भाग कशाला बघत आलीस?" मी विचारलं. "गुडघे धरून इतक्या लांब?"

तिने माझा डावा हात आधाराला धरला आणि उठत म्हणाली, "त्येनं आपल्या घरचं काम केलंया. त्यो आलाय म्हनल्यावर भेटाया जायाला नगो?"