कमरेखालची काठी

करडीच्या तेलाचा वास आला की मला आमच्या पोलीस लाईनीतला ओटा आठवतो. वडील हवालदार होते. बंदोबस्ताला जायच्या आधी ते ओट्यावर बसून काठीला तेल चोळायचे आणि मला सांगायचे, "आदी भोंग्यावरून सांगायचं. न्हाईच ऐकलं तर काठी, आन् ती बी कमरेखाली. डोक्याला लावायची न्हाई." एका उन्हाळ्यात गोदाकाठच्या गावांनी पिण्याच्या पाण्यासाठी बीडच्या हायवेवर रास्ता रोको केला. वडील संध्याकाळी परतले ते काठी अंगणातच टाकून. आईनं दिलेला पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात तसाच राहिला. "मी खालीच मारली गं," ते म्हणाले, "पर म्हातारा रस्त्यावर मांडी घालून बसलेला व्हता. बसलेल्या मानसाचं डोकं कमरेखालीच येतंय." त्याच आठवड्यात तो म्हातारा दवाखान्यात वारला. चौकशीत वडिलांची चूक निघाली नाही. निघाली असती तर बरं झालं असतं, असं आई म्हणायची. आता वडिलांचे गुडघे पार गेलेत. तरी मी भाजी निवडायला जमिनीवर बसले की ते भिंतीला धरून आधी माझ्यासमोर खाली बसतात आणि मगच बोलतात.