कागद वाचवणाऱ्या चंद्राताई

वडपे गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसात प्रिंटरची खोली सांभाळणाऱ्या चंद्राताई भोईर म्हणजे भारी कडक बाई. खोली म्हणजे तरी काय, जिन्याखालची जागा, एक भलंमोठं मशीन, कागदांचे गठ्ठे आणि दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची येणाऱ्यासाठी. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरून सोडलेला कागद इथेच पडायचा, त्यामुळे "ताई, माझं आलं का?" म्हणत दिवसभर कोणी ना कोणी दारात उभं असायचं.

ताईंना ते हवंच होतं. शेलार गावात, घरी त्या एकट्या. नवरा सावळाराम जाऊन बरीच वर्षं झाली, लेक क्षितिजा लग्न होऊन नागपूरला. घरी बोलायचं तर टीव्हीशी, आणि टीव्ही कुणाचं ऐकून घेतो? दिवसाचं काय ते बोलणं या खोलीतच व्हायचं. "बस रे जरा, मशीन गरम होतंय," असं म्हणून त्या आलेल्या माणसाला बसवायच्या. मशीन कधीचंच गरम झालेलं असायचं.

लोक काय काय छापायचे ते विचारू नका. चलान, बिलं तर होतीच. शिवाय हळदीची आमंत्रणं, गावच्या क्रिकेटचं वेळापत्रक, कुणाच्या सासऱ्याचे रिपोर्ट. माल पाठवण्याचं काम बघणारा मुदस्सिर तर आपल्या मुलीचे, आयतचे, शाळेचे प्रोजेक्ट रंगीत काढून न्यायचा आणि जाता जाता तिचे पराक्रम सांगायचा. ताईंनी त्या पोरीला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा कुठला दात पडला हे त्यांना ठाऊक होतं.

मग एक दिवस मॅनेजर विपुल सर खोलीत आले. "ताई, छपाईचा खर्च हाताबाहेर चाललाय. आता तुम्हीच काहीतरी करा."

दुसरी कोणी असती तर मान डोलावून गप्प बसली असती. पण 'तुम्हीच' म्हटल्यावर चंद्राताईंना हुरूप चढला. इतक्या वर्षांत त्यांच्यावर कुणी काही सोपवलं होतं?

त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी छापायला लावला. रंगीत छपाईला पासवर्ड बसवला. चलान परस्पर ड्रायव्हरच्या मोबाईलवर जाईल असं करून घेतलं. लोक मशीनपाशी घुटमळत आणखी चार पानं काढतात, म्हणून दाराबाहेर ट्रे ठेवला: आपला कागद उचला आणि चला. मुदस्सिर प्रोजेक्ट घेऊन आला तेव्हा त्यालाही अडवलं.

"ऑफिसचंच छापायचं. आता जमायचं न्हाय."

"बराबर हाय, ताई. रूल म्हणजे रूल," तो हसून म्हणाला आणि बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेला. त्यानंतर तो खोलीत आलाच नाही. रागावला नव्हता बिचारा, त्याला यायला कारणच उरलं नव्हतं.

तसं कुणालाच उरलं नव्हतं. खर्च निम्म्यावर आला आणि दुसरी खुर्ची रिकामी राहू लागली. ताई ट्रेमध्ये कागद ठेवायच्या आणि आत येऊन बसायच्या. बाईने आपल्या हातांनी, तेही मोठ्या हौसेने, माणसं घालवली. राग यावा की रडू, कळत नाही.

सरांनी मीटिंगमध्ये त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. नंतर विचारलं, "ताई, काय हवं ते सांगा. लाजू नका."

ताईंनी ठरवून ठेवलंच होतं. "सर, पाण्याचा कूलर वरच्या मजल्यावर हाय. तो माझ्या खोलीत ठेवा ना."

कागद नको असला तरी पाणी सगळ्यांनाच लागतं, असा त्यांचा साधा विचार. पण मला माणसं हवीत, असं साहेबाला कोण सांगतं? म्हणून ताईंनी उगाच जोडून दिलं, "गुडघे दुखतात, सर. जिना चढवत न्हाय."

सोमवारी सर स्वतः पाण्याचा मोठा जार घेऊन आले. सोबत स्टँड आणि नवा कोरा ग्लास. "कूलर काही हलवता येत नाही, ताई. पण हा जार फक्त तुमचा. आता पाण्यासाठीसुद्धा तुम्हाला खोलीबाहेर पडायला नको." त्यांनी तो अगदी मनापासून आणला होता.

"बरं झालं," ताई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी ग्लास भरला. पाणी गार आहे ना, हे बघायला सर दारात थांबले होते. ते उभे होते तोवर ताई एक एक घोट घेत हळूहळू पीत राहिल्या.